नांगरावर उभी असताना बोट फार डोलते, जायरो बसवू की फिन? आईसाठी विचारतोय

कर्वेनगरचा_हौशी:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कर्वेनगरला राहतो. आम्ही तिघा मित्रांनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक जुनी फायबरची ३२ फुटी मोटरबोट घेतली, रुंदी ३.२ मीटर, ती मांडव्याच्या बाजूला असते. पावसाळ्यात वर काढतो, आता दसऱ्यानंतर परत पाण्यात टाकायची आहे.

प्रश्न आईचा आहे. तिचं माहेर हर्णै, लहानपण सगळं बंदरावर गेलं. मागच्या जानेवारीत तिला पहिल्यांदा बोटीवर नेलं, पळत होतो तोवर एकदम खुश, पुढे उभी राहून मला पाण्यातल्या खुणा दाखवत होती, पण मग गळ टाकायला म्हणून नांगर टाकून थांबलो आणि बोट अशी काही या कुशीवरून त्या कुशीवर डोलायला लागली की वीस मिनिटांत तिला बोट लागली, उलट्या, चेहरा पांढराफटक, तसेच परत फिरलो. घरी आल्यावर म्हणाली आता मला नको नेऊस रे, वय झालं. ते मला फार लागलं. तिला परत समुद्रावर न्यायचंच आहे.

तीन ठिकाणी विचारलं, तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकजण म्हणतो जायरो स्टॅबिलायझर बसवा, किंमत ऐकली तर आमची बोट घेतली त्याच्या जवळपास जाते. दुसरा म्हणतो बाहेरून फिन लावा. तिसरा दुरुस्तीवाला म्हणतो काही नको, तळाला तीनशे किलो शिसं टाका, जड झाली की डोलणार नाही. या गोष्टी नक्की काम कशा करतात हे कुणी नीट समजावून सांगेल का? खर्च करायची तयारी आहे पण समजून उमजून करायचाय.

निवृत्त_चीफ_सहकारनगर:

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनियर होतो, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी शिशाचं. ते टाकू नका. बोट न उलटणं ही एक गोष्ट आणि बोट न डोलणं ही अगदी वेगळी गोष्ट, लोक दोन्हीला स्टॅबिलिटी म्हणतात आणि तिथेच गफलत होते. बोट कलली की तिला परत सरळ उभं करणारा जोर किती, त्याचं माप म्हणजे जीएम, मेटासेंट्रिक हाइट. तळाला वजन टाकलं की गुरुत्वमध्य खाली जातो, जीएम वाढतो, बोट उलटायला अवघड होते हे खरं, पण ती सरळही तितक्याच झटक्याने होते. म्हणजे डोलणं थांबत नाही, उलट जलद आणि धसमुसळं होतं. अशा बोटीला आम्ही स्टिफ म्हणायचो, आणि स्टिफ जहाजावर भांडी फुटतात, माणसं आपटतात, झोप लागत नाही.

आता डोलणं वाढतं कसं ते बघा. झोपाळ्याची एक ठरलेली लय असते ना, त्या लयीत बोटाने जरी ढकललं तरी झोका चढत जातो, आणि लय चुकवून कितीही जोरात ढकललं तरी चढत नाही. बोटीचंही तसंच. आडव्या लाटा बोटीच्या स्वतःच्या लयीच्या जवळपास यायला लागल्या की फूटभर उंचीची लाटसुद्धा तिला गदागदा हलवते. आणि गोल तळाच्या बोटीला कुशीवर डोलताना पाण्याचा विरोध फार कमी असतो, म्हणून एकदा चढलेला झोका लवकर विरत नाही. स्टॅबिलायझर कुठलाही घ्या, त्याचं काम एवढंच, प्रत्येक झोक्यातली थोडी थोडी ताकद काढून घ्यायची. लाट तो थांबवत नाही.

सगळ्यात जुना आणि साधा उपाय बिल्ज कील. तळ जिथे वळून बाजूला येतो तिथे दोन्हीकडे लांबट पट्ट्या, बोट डोलली की त्या पाणी कापतात, भोवरे उठतात, त्यात ताकद खर्च होते. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूडने १८७२ च्या सुमारास सारख्या आकाराची दोन जहाजं शेजारी शेजारी ठेवून, एकाला कील आणि दुसऱ्याला नाही, असं प्रत्यक्ष मोजून दाखवलं. दीडशे वर्षं होऊन गेली, आजही जवळपास प्रत्येक मालवाहू जहाजाला त्या असतात कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

फिन म्हणजे पाण्याखालचा छोटा पंख. बोट डावीकडे कलायला लागली की सेन्सरला कळतं, डावा फिन असा फिरतो की पाणी त्याला वर उचलतं, उजवा उलटा फिरून खाली ओढतो. जपानमध्ये मोतोरांनी १९२० च्या दशकात हे करून पाहिलं, मग ब्रिटनमध्ये डेनी आणि ब्राउन या कंपन्यांनी १९३६ ला आइल ऑफ सार्क नावाच्या फेरीबोटीवर बसवलं आणि नंतर ते सगळीकडे पसरलं. क्वीन मेरी एवढं अवाढव्य जहाज, तेही १९३६ चंच, पण डोलण्यासाठी बदनाम, तिला शेवटी १९५८ ला फिन बसवले. मी एका प्रवासी जहाजावर होतो तिथे फिन आत घेता येणारे होते, बंदरात शिरायच्या आधी ते आत गेले की नाही हे मी स्वतः दोनदा बघायचो, कारण धक्क्याला लागताना फिन बाहेर राहिला तर काय होईल या विचाराने पोटात गोळा यायचा.

पण फिनचा जोर वेगाच्या वर्गावर असतो. १६ नॉटला जो जोर मिळतो त्याचा ८ नॉटला चौथा हिस्साच उरतो. आणि नांगरावर? साध्या फिनचा जोर शून्य. तुमच्या आईंना त्रास नांगरावर झाला, पळताना नाही, तेव्हा हे आधी लक्षात घ्या.

कर्वेनगरचा_हौशी:

काका, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. शिसं रद्द. मग नांगरावर उभं असताना चालणारे फिन नसतातच का? आणि जायरोचं मला मुळातच कळत नाही, तो तर बोटीच्या आत पेटीत बसवलेला असतो, पाण्याला त्याचा स्पर्शही नाही, मग बोटीला धरून तरी कशाला ठेवतो?

निवृत्त_चीफ_सहकारनगर:

असतात, त्याला झीरो स्पीड म्हणतात, साधारण २००० च्या आसपासपासून मोठ्या यॉटवर यायला लागले. त्यात फिन वल्ह्यासारखा फटके मारतो म्हणून उभ्या बोटीतही जोर मिळतो, पण त्यासाठी फिन मोठा लागतो, मशिनरी तगडी लागते. तुमच्या बोटीसाठी मी सुचवणार नाही. एकतर पाण्याखाली तळाला भोक पाडायचं, आणि दुसरं म्हणजे आपल्या किनाऱ्याला पावलोपावली जाळी, दोर, बोये, बाहेर आलेल्या फिनला कधी काय अडकेल सांगता येत नाही.

जायरोचं कुणीतरी मेकॅनिकलवाला सांगेल माझ्यापेक्षा चांगलं.

भोसरी_लेथ:

मी सांगतो, माझं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे आणि हा माझा आवडता विषय.

घरी करून बघा. सायकलचं पुढचं चाक काढा, आसाला दोन्ही बाजूंनी धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग आस डाव्या-उजव्या बाजूला कलवायचा प्रयत्न करा. चाक तुम्ही कलवताय तिकडे जातच नाही, ते काटकोनात भलतीकडेच वळतं आणि हाताला जो झटका बसतो तो चांगला जाणवतो. भोवरा पडता पडता गोल गोल डुलतो तोही हाच प्रकार, त्याला प्रिसेशन म्हणतात.

बोटीतल्या जायरोत एक जड चाक उभ्या आसावर गरगर फिरत असतं, आणि ते ज्या चौकटीत आहे ती फक्त पुढे-मागे झुलू शकते. लाटेने बोट कुशीवर कलायला लागली की चाक त्या दिशेला न जाता पुढे किंवा मागे झुलतं, आणि ते झुलताना जो पीळ तयार होतो तो बरोबर लाटेच्या विरुद्ध बोटीच्या सांगाड्यावर येतो. म्हणजे त्याला पाण्याची गरज नाही, तो स्वतःच्या फिरण्याला टेकून ढकलतो असं समजा. चौकट किती वेगाने झुलू द्यायची त्यावर हायड्रॉलिक ब्रेक असतो आणि तो कंट्रोलर सांभाळतो, सगळी करामत त्या ब्रेकमध्ये आहे, मोकळं सोडलं तर एका मोठ्या लाटेत चाक थेट टोकाला जाऊन आपटेल.

कल्पना जुनी आहे, जर्मनीत ऑटो श्लिकने १९०६ ला एका जुन्या टॉर्पिडो बोटीवर चाचणी घेतली, मग अमेरिकेत स्पेरीने मोटर लावून चाक मुद्दाम झुलवायची पद्धत काढली, आणि १९३२ ला इटलीच्या काँते दी सावोया जहाजात असे तीन प्रचंड जायरो बसवले, प्रत्येक साधारण शंभर टनांचा. इतकं वजन वाहायचं म्हणून पुढे मोठ्या जहाजांनी फिनच धरला. छोट्या बोटीत जायरो परत आला तो चाक निर्वात पेटीत ठेवायला लागल्यापासून, हवेचं घर्षण नाही म्हणजे चाक लहान ठेवून मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवता येतं आणि वीजही कमी लागते.

आता हौशी दादा, तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं ते. चाक पूर्ण वेगात यायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, म्हणजे धक्क्यावरच चालू करून निघायचं, त्रास व्हायला लागल्यावर बटण दाबून काही होत नाही. वीज सतत लागते, म्हणजे नांगरावर जनरेटर चालू किंवा मोठी बॅटरी बँक. बेअरिंग तापतात म्हणून थंड करायची सोय लागते. एका कुशीला चारजण जाऊन बसले आणि बोट तिकडे झुकून राहिली तर जायरो ती सरळ करत नाही, तो फक्त हलण्याला विरोध करतो. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे जुनी बोट. तो सगळा पीळ शेवटी चार-सहा बोल्टांमधून तुमच्या फायबरच्या स्ट्रिंगरवर, म्हणजे तळाला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्यांवर येणार, ते आतून कुजलेले असतील तर जायरो कितीही भारी घ्या, बोट तडकेल. आधी ते कुणा जाणकाराकडून ठोकून तपासून घ्या. हे डीलरने सांगितलं होतं का?

कर्वेनगरचा_हौशी:

नाही, एका शब्दाने नाही. फक्त कोटेशन दिलं.

दाभोळची_ताई:

मी धायरीत राहते पण आमचं घर दाभोळ खाडीवर, वडील आणि काका दोघेही मासेमारीत होते. इथली चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

दादा, तुमची बोट नांगरावरच का डोलते याचा विचार केलात का? नांगर टाकला की बोट तोंड करते वाऱ्याला किंवा भरती-ओहोटीच्या पाण्याला. आपल्याकडे जानेवारीत दुपारनंतर वारा वायव्येचा, मांडव्याला तर पाण्याची ओढही भरपूर, आणि बाहेरून येणारी फुगवट्याची लाट येते पश्चिमेकडून. म्हणजे बोटीचं तोंड एकीकडे आणि लाट बरोबर कुशीवर. वडील काय करायचे, नांगराच्या दोराला मध्येच दुसरा दोर बांधून तो बोटीच्या मागच्या बाजूला घ्यायचे आणि ओढून बोटीचं तोंड लाटेकडे तिरकं करायचे. दहा मिनिटांचं काम आणि निम्मं डोलणं जायचं. फक्त पाण्याची ओढ फिरली की दोर परत बघायचा, विसरायचं नाही.

दुसरं, आपल्याकडे खाली रत्नागिरी मालवणकडे होडीला उलांडी असते बघा, बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला लांब ओंडका. होडी त्या बाजूला कलली की ओंडका बुडायला विरोध करतो, उलट्या बाजूला कलली तर ओंडक्याचं वजन तिला धरून ठेवतं. कुणाही इंजिनियरच्या आधीपासून आपली माणसं हे करत आलीत. आणि शिडाची होडी तर वारा असताना डोलायचीच कमी, कारण शीड म्हणजे हवेतली केवढी मोठी फळी, ती झपकन इकडून तिकडे जाऊच शकत नाही. शीड काढून इंजिन लावलं तेव्हापासून होड्या जास्त डोलतात असं काका नेहमी म्हणायचे आणि मला ते पटतं.

निवृत्त_चीफ_सहकारनगर:

ताई, उलांडीचं सांगितलंत फार बरं झालं. तेच तत्त्व वापरून हौशी यांचं काम स्वस्तात होईल. त्याला फ्लॉपर स्टॉपर म्हणतात. बोटीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक दांडी बाहेर काढायची, तिच्या टोकाला दोर, आणि पाण्यात अडीच तीन मीटर खाली एक आडवी प्लेट टांगायची जी मध्ये बिजागरीने दुमडते. ती बाजू खाली गेली की प्लेट दुमडून बुडते, वर यायला लागली की उघडते आणि पाणी धरून ठेवते. दांडी जितकी बाहेर तितका फायदा. मोठ्या ट्रॉलरवर चालत्या बोटीतही असेच वजनदार धातूचे तुकडे दोन्हीकडून पाण्यात सोडतात, त्यांना मासे म्हणतात.

जहाजांवर पाण्याच्या टाक्याही असतात, जर्मनीच्या फ्रामने १९१० च्या सुमारास यू आकाराच्या केल्या, पाणी इकडून तिकडे जायला असा वेळ लावतं की ते नेमकं उलट्या बाजूला पोचतं. तुमच्या बोटीत त्याला जागा नाही. पण त्यावरून एक आठवलं, तळात साचलेलं पाणी आणि अर्धवट भरलेली रुंद डिझेल टाकी हे मात्र नेमकं वाईट बाजूने काम करतं, पाणी कलत्या बाजूलाच धावतं. निघताना बिल्ज कोरडं ठेवा.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एक मोजणी करा. शांत पाण्यात दोर सैल सोडून दोघांनी एका कडेला लयीत दाबून बोट डोलवायची, मग हात सोडून दहा झोक्यांचा वेळ घ्यायचा. तसंच झोका पूर्ण विरायला किती डोलणी लागली तेही मोजा. आकडे इथे टाका.

कान_नाक_घसा_डेक्कन:

मी ईएनटी आहे, बोटींचं कळत नाही पण बोट लागण्याचं कळतं. आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरची केबिन स्थिर दिसते, मेंदूला दोन्हीचा मेळ लागत नाही. त्यातही सगळ्यात जास्त त्रास होतो संथ वर-खाली होण्याचा, साधारण पाच सेकंदांत एकदा वर आणि खाली असा. वर चीफ साहेबांनी जे लिहिलंय ते सगळं कुशीवर डोलणं कमी करण्याचं आहे, वर-खाली होणं त्याने जाणार नाही, तेव्हा आईंना तसं आधीच सांगा, नाहीतर यंत्र लावूनही मळमळलं की त्या स्वतःलाच दोष देतील.

आईंना बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला पण उघड्यावर बसवा, नजर क्षितिजावर, केबिनमध्ये अजिबात नको, डिझेलच्या वासापासून लांब. रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको, आलेपाक जवळ असू द्या. गोळी घ्यायचीच असेल तर निघायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी, आणि बीपी वगैरेची इतर औषधं चालू असतील तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच. एक निरीक्षण सांगतो, ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला सहसा बोट लागत नाही कारण पुढची हालचाल त्याला आधीच कळलेली असते. बोट चालू असताना त्यांना थोडा वेळ सुकाणूवर बसवा.

कर्वेनगरचा_हौशी:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. बोट पाण्यात गेली. काकांनी सांगितलं तसं मोजलं, दहा झोके २७ सेकंदांत, म्हणजे एक झोका २.७ सेकंद. विरायला अकरा-बारा डोलणी लागली.

स्ट्रिंगर तपासले, मागच्या एका ठिकाणी ओल निघालीच, ते काम आता होतंय. जायरो सध्या बाजूला ठेवला. भोसरीच्या दादांनी स्वतः फोन करून त्यांच्या शॉपमध्ये बोलावलं आणि अॅल्युमिनियमच्या दोन प्लेटा बिजागरीसकट करून दिल्या, पैसेही जेमतेम मालाचे घेतले. दोर, पुली, शॅकल बोहरी आळीतून घेतले. गेल्या रविवारी लावून बघितलं, झोका चार डोलण्यांत विरला! पण एक अडचण आहे, बाजू खाली जाताना दोर ढिला पडतो आणि वर येताना खाडकन ताणला जातो, दांडीला धक्का बसतो.

निवृत्त_चीफ_सहकारनगर:

२.७ चा हिशोब सोपा आहे, रुंदी ३.२ ला ०.८ ने गुणा, २.७ ने भागा आणि वर्ग करा, जीएम साधारण ०.९ मीटर येतो. एवढ्या बोटीला तो भरपूर आहे, शिसं टाकलं असतंत तर अजून झटके बसले असते.

दोर ढिला पडतो कारण प्लेट वेळेत बुडत नाही. तुमचा अर्धा झोका म्हणजे जेमतेम १.३५ सेकंद, तेवढ्यात तिने दुमडून खाली पोचायला हवं. वजन किती बांधलंय?

कर्वेनगरचा_हौशी:

प्रत्येकी दोन किलो.

दाभोळची_ताई:

फार कमी झालं. जाळ्याला लावतात ते शिसं मिळतं बंदरावर, प्रत्येक प्लेटला पाच-सहा किलो बांधा, बिजागरीच्या बरोबर खाली, म्हणजे दुमडताना तिरकी होणार नाही. आणि दोराला वरच्या टोकाशी थोडा रबराचा तुकडा घाला, धक्का तो खाईल. इंजिन चालू करायच्या आधी दोन्ही प्लेटा वर, दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेला तर सगळंच अवघड होईल. आई कधी जाणार आहेत?

कर्वेनगरचा_हौशी:

दिवाळीनंतरच्या रविवारी. उलांडीचं वाचून दाखवलं तर म्हणाली, अरे आमच्या मामांच्या होडीला होती की, मी त्यावर बसायचे. शिसं शनिवारी आणतो, सहा किलो बांधून बघतो आणि परत झोके मोजून इथे टाकतो.